युनिफॉर्म शिवणाऱ्या गावात स्वतःच्या स्टाईलचं काय?

सोलापूरचं एक भारी आहे. 1877 ला 'जुनी मिल' नावाची कापड गिरणी सुरू झाली तेव्हापासून हे गाव कापडावर जगतंय, मिल बंद पडल्या, भोंगे बंद झाले, तरी चादर आणि टॉवेल आहेतच, दोघांनाही जीआय टॅग (म्हणजे ही वस्तू याच गावची, असा सरकारी शिक्का) आहे, आणि आता तर युनिफॉर्मचं गाव म्हणून आपलं नाव झालंय. इथं शिवलेले शाळेचे ड्रेस, हॉस्पिटलचे ड्रेस कुठच्या कुठं जातात, त्याची मोठी प्रदर्शनं भरतात, बाहेरून व्यापारी येतात. म्हणजे लोकांनी काय घालावं हे आपण घाऊकमध्ये शिवून देतो. आणि आपण स्वतः काय घालावं हा विषय निघाला की मात्र "त्यात काय एवढं, अंग झाकलं की झालं" एवढ्यावर गाडी थांबते.

मला हे पटत नाही. कपड्याचा विचार करणं म्हणजे नटवेपणा, रिकामटेकडेपणा, पैसेवाल्यांचे चोचले असं आपल्याकडं सरसकट मानलं जातं आणि त्याचा परिणाम असा होतो की विचार आपण करत नाही आणि दुसरे कुणीतरी आपल्यासाठी करून टाकतात. घरचे करतात, ऑफिस करतं, सरकार करतं, आणि आजकाल सगळ्यात जास्त मोबाईल करतो.

घरापासूनच बघा ना. पोरगा जरा नीट इस्त्रीचा, अंगाला बसणारा शर्ट घालून नव्या पेठेत उतरला की चौकातला मित्र आधी विचारणार, "काय बे, लग्नाला निघालास का?" दुसऱ्या दिवशी तो गप तीच जुनी टीशर्ट घालतो. पोरींना तर विचारायलाच नको, ओढणी कुठंय, हे फिट्ट आहे, ते ढगळ आहे, एवढं गडद का, एवढं फिकट का, "चार लोकांत जायचंय". हे चार लोक कोण हे आजवर मला सापडलेले नाहीत, पण माझ्या कपाटातले अर्धे कपडे त्यांनीच निवडलेत.

बरं, कपडा ही किरकोळ गोष्ट आहे असं म्हणणाऱ्यांनी महाड आठवावं. डिसेंबर 1927 ला सत्याग्रह परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी जमलेल्या बायकांशी वेगळं बोलणं केलं, आणि त्यात लुगडं कसं नेसायचं हा विषय होता. तुमच्या नेसण्यावरून, अंगावरच्या जड दागिन्यांवरून जात ओळखू येते, ते सोडा, असं त्यांनी सांगितलं, आणि बायकांनी नेसण्याची पद्धत बदलली. एवढ्या मोठ्या लढ्यात, पाण्याच्या हक्काचा प्रश्न पेटलेला असताना, नेसणं कुठं लागतं? तर लागतंच, कारण समोरच्यानं आपल्याला काय समजावं याचा पहिला निकाल कपड्यावर लागतो. आपल्या गावातसुद्धा 1930 च्या मार्शल लॉच्या, म्हणजे इंग्रजांच्या लष्करी अंमलाच्या दिवसात डोक्यावर गांधी टोपी असणं म्हणजे कुठल्या बाजूला उभे आहात ते सांगणंच होतं. तेव्हा "कपड्यात काय आहे" हे वाक्य ज्याला कपड्यावरून कधी कुणी जोखलेलं नाही त्यानंच म्हणावं.

सरकारला हे चांगलं कळतं, म्हणून तर ते मधेमधे नियम काढतं. डिसेंबर 2020 मध्ये राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना सांगितलं की ऑफिसात जीन्स-टीशर्ट नको, स्लीपर नको, शुक्रवारी खादी घाला. मार्च 2024 मध्ये शिक्षकांची पाळी आली. बाईंनी साडी किंवा सलवार-चुडीदार-कुर्ता-दुपट्टा, सरांनी शर्ट-पँट आणि शर्ट खोचलेला, जीन्स-टीशर्ट नाही, नक्षी-प्रिंटचे भडक कपडे नाहीत. आणि सोबत काय, तर नावाच्या आधी "टी" लावा, डॉक्टर लावतात तसं. माझी एक मैत्रीण शिकवते, ती म्हणाली, टी लावलं काय अन् कॉफी लावली काय, वर्गातला पंखा कधी लावताय ते सांगा. मुद्दा तिचा बरोबर आहे. एप्रिलमधल्या सोलापुरात, जिथं पारा 42-43 ला आरामात जातो, तिथं पत्र्याच्या वर्गात उभं राहून शिकवणाऱ्या माणसानं काय घालावं हे मुंबईतल्या गारेगार खोलीत बसून ठरवलं की असंच होणार. नीटनेटकं या, एवढं म्हणा की. खोचलेल्या शर्टानं गणित चांगलं शिकवता येतं असं काही नाही.

पण सरकारवर तोंडसुख घेणं सोपं आहे. मला विचाराल तर आज सगळ्यात कडक युनिफॉर्म बाजार घालायला लावतो आणि आपण तो हौसेनं घालतो, वर त्याला "माय स्टाईल" म्हणतो. हळदीला सगळे पिवळ्यात, मेहंदीला सगळ्या हिरव्यात, संगीतला एकसारखे जॅकेट. नवरात्रात नऊ दिवस नऊ रंग, जे कुठल्या पोथीत नाहीत, पेपरमधून आले आणि आता ऑफिसच्या ग्रुपवर आदल्या रात्री आठवण करून देतात की उद्या राखाडी. एका वर्षी कॉलेजच्या गेटवर बघितलं तर सगळ्या पोरी त्याच बेज रंगाच्या को-ऑर्ड सेटमध्ये, म्हणजे वर-खाली एकाच कापडाचा जोड, पोरं सगळी खांदा कोपरापर्यंत उतरलेल्या ओव्हरसाईज टीशर्टमध्ये. मला ओव्हरसाईजचं वावडं नाही, उन्हात तर ती चांगलीच, पण विचारलं की का घेतली तर उत्तर एकच, "चालू आहे ना सध्या". जे सध्या चालू आहे ते पुढच्या दिवाळीला बंद होणार आणि मग परत खरेदी. याला स्टाईल कसं म्हणायचं, ही तर भिशी झाली, दर महिन्याला पैसे भरायचे आणि नंबर कधी आपला लागत नाही.

मग स्वतःची स्टाईल सापडते कुठं? मोबाईलवर यावर ढिगानं व्हिडिओ आहेत, तुमचा बॉडी शेप नाशपती की सफरचंद, तुमचा अंडरटोन गरम की थंड, कपाटात मोजून इतकेच कपडे ठेवा वगैरे. थोडंफार कामाचं असेलही त्यात. पण ते सगळं करणाऱ्यांच्या घरात एसी आहे आणि दाराशी कार आहे हे विसरायचं नाही. सोलापुरात दुपारी बारा वाजता सात रस्त्याला सिग्नलवर उभं राहून बघा, स्कूटीवरच्या सगळ्या बायका डोळे सोडून स्टोलमध्ये गुंडाळलेल्या, वरून पांढरा सनकोट, हातात मोजे. इस्त्री केलेला लिननचा कुर्ता आत कुठंतरी घामानं पाठीला चिकटलेला. आपली खरी स्टाईल ती आहे, सहा महिने तरी. तिच्याबद्दल कुणी व्हिडिओ करत नाही, त्या सनकोटच्या रंगाचा-शिवणीचा कुणी विचार करत नाही, मिळेल तो पातळ होजिअरीचा घ्यायचा आणि वर्षभरात फेकायचा. मला तर वाटतं सोलापूरकरणीनं आधी एक चांगला सनकोट शिवून घ्यावा, स्वतःच्या मापाचा, सुती, गळ्याशी नीट बंद होणारा, हाताच्या पंज्यावर दोन बोटं खाली येणारा, आणि मग बाकीच्या कपाटाकडं वळावं. जे रोज घालता ते आधी, लग्नातलं नंतर. आपण बरोबर उलटं करतो.

आणि उन्हाचं निघालंच आहे तर अजून एक. आपल्याकडं पक्का समज आहे की उन्हाळ्यात काळं घालायचं नाही. 1980 मध्ये नेचर या विज्ञानाच्या मासिकात एक शोधनिबंध आला होता, वाळवंटातले बेदुईन लोक काळे झगे का घालतात यावर. त्यात असं दिसलं की काळा झगा जास्त तापतो खरा, पण तो ढगळ असल्यानं ती जादाची उष्णता कातडीपर्यंत पोचायच्या आधीच हवेबरोबर निघून जाते, आणि आतल्या माणसाला पांढऱ्या झग्याइतकंच गरम होतं. म्हणजे रंगाइतकंच, किंबहुना जास्त, कापड अंगापासून किती सुटं आहे याला महत्त्व. तेव्हा ज्या बाईला काळा रंग आवडतो तिनं खुशाल काळा ढगळ सुती कुर्ता घालावा आणि "एवढ्या उन्हात काळं?" म्हणणाऱ्याला टाईट पॉलिस्टरच्या पांढऱ्या शर्टात घाम पुसत बसू द्यावं.

आता टेलरकडं येते, कारण माझा सगळा भर तिथंच आहे. पूर्व भागात माझे एक टेलर काका आहेत, मूळचे तेलुगू घरातले, माप घेताना आकडे तोंडातल्या तोंडात तेलुगूत पुटपुटतात आणि वहीत मराठीत लिहितात, आणि हिशेब सांगताना कधीकधी हिंदीत सांगतात. तीन भाषांत एक कुर्ता. कापड समोर टाकलं की ते आधी बोलत नाहीत, दोन बोटांत चिमटीत धरून चुरगाळतात, सोडतात, सुरकुती किती राहिली बघतात. मग पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, विचारतात. मग म्हणतात, "भिजवून आणा ताई, हे आकसणार." मग विचारतात खाली काय घालणार, सलवार का जीन्स, म्हणजे उंची त्यावर. गाडी चालवता का, म्हणजे मुंढ्यात थोडं सैल सोडतो, नाहीतर हँडल धरलं की पाठीत ओढतं. आणि मागच्या वेळी टेप लावता लावता म्हणाले, "उजवा खांदा उतरलाय तुमचा, बॅग एकाच खांद्याला लावता वाटतं." इतकी वर्षं मी रेडिमेड कुर्त्यांना दोष देत होते की एका बाजूनं गळा सरकतो. त्यांनी उजवीकडं अर्धा इंच कमी धरलं आणि गळा जागेवर बसला.

हा अर्धा इंच कुठल्याही एस, एम, एल, एक्सेलमध्ये बसत नाही. आणि हे एस-एम-एल तरी कुणाचे? आपल्याकडच्या रेडिमेड कंपन्या इतकी वर्षं बहुतेक इंग्लंड-अमेरिकेच्या मापांच्या तक्त्यात थोडं इकडं तिकडं करून काम चालवत आल्या. भारतीय अंगाची मापं घ्यायला निफ्ट या फॅशन शिकवणाऱ्या सरकारी संस्थेनं प्रकल्प काढला, सहा शहरांतल्या 25,000 लोकांची मापं घ्यायची असं ठरवून, आणि तोसुद्धा आत्ता आत्ता. म्हणजे ट्रायल रूममध्ये पँट कंबरेत बसली तर मांडीत अडकते आणि मांडीत बसली तर कंबरेत पोटली होते, यात आपल्या अंगाचं काही चुकलेलं नाही. पण बाहेर येताना "मी जाड झाले" हेच डोक्यात घेऊन माणूस बाहेर येतो. कित्येकांची स्टाईलची गोष्ट तिथंच संपते, की आपल्याला काही चांगलं दिसतच नाही. टेलरकडं कुणी असं म्हणत नाही. टेलर माप लिहितो आणि कापड कापतो, त्याला तुमच्या पोटाबद्दल मत नसतं, असलं तरी तो मार्जिन ठेवतो आणि गप बसतो.

आणि शिवून घेताना दुसरी एक गोष्ट होते जी दुकानात होत नाही. तुम्हाला बोलावं लागतं. कॉलर हवी का, बंद गळा हवा का, बाही किती, कट किती वर, बटण कुठलं. पहिल्यांदा माणूस गोंधळतो, "तुम्हीच बघा काका" म्हणतो. दोन-चार कपड्यांनंतर त्याला कळायला लागतं की आपल्याला तीन चतुर्थांश बाही आवडत नाही, उभी पट्टी आवडते, झगमग नको. आवडनिवड ही अशी बोलता बोलता तयार होते. जे नको ते आधी कळतं आणि हवं ते मागून. माझ्या मते हीच स्टाईल, आणि ती फुकट नाही पण फार महागही नाही.

इथं लोक म्हणतील, ताई, तीनशे रुपयाला शर्ट मिळतो, कापड आणि शिलाई धरून त्याच्या दुपटी-तिपटीला जातं, कुणाला परवडतं? खरं आहे. ज्याच्या घरात चार पोरं आणि एक पगार आहे त्याला मी शहाणपण शिकवायला जाणार नाही. पण तीनशेचे तीन घेणारे आपल्यात पुष्कळ आहेत, आणि ते शर्ट दोन धुण्यात गोळे येऊन पुसायला जातात. आणि सगळं शिवूनच घ्या असंही म्हणत नाही, रेडिमेड घ्या आणि अल्टर करा, बाही कमी करा, कंबर आत घ्या, पन्नास-शंभर रुपयात कपडा आपला होतो. पूर्वी प्रत्येक घरात हे चालायचं, ताईचा फ्रॉक धाकटीला, बाबांची पँट दादाला. आता अल्टर म्हटलं की लोकांना गरिबी वाटते. वेळ लागतो हे मात्र कबूल, आणि लग्नसराईत टेलरनं दिलेली तारीख ही फक्त इच्छा असते हेही कबूल.

गावचं म्हणून काही घालायचं तर त्यातही जरा डोकं लावावं. आपण कर्नाटकाला चिकटून, त्यामुळं इरकल आपल्या आज्यांच्या अंगावर रोजची, तो लाल-पांढरा टोपपदर, ती काठाची नक्षी, शेतात, बाजारात, सगळीकडं. गुळेदगुड्डचा खण चोळीला. आता त्याच खणाची पर्स, खणाचा मोबाईल कव्हर, खणाचं तोरण, खणाचं जॅकेट, खणाची कानातली, आणि एकदा एका कार्यक्रमात स्टेजवरची माणसं आणि मागचा पडदा दोन्ही खणाचे, माणूस कुठला आणि पडदा कुठला कळेना. अभिमान चांगला, पण अंगावर सगळीकडून परंपरा लटकवली की ती फॅन्सी ड्रेसमध्ये जाते. आजी इरकल नेसायची ते परंपरा दाखवायला नव्हे, ती टिकायची, मळ लपवायची आणि कासोटा घालून कामाला मोकळं राहता यायचं म्हणून. तुम्हाला आवडली तर इरकलचा साधा कुर्ता शिवा आणि सोमवारी ऑफिसला घाला, चटणी सांडू द्या त्याच्यावर, धुऊन परत घाला. चादरीच्या कापडाचे कोट लोक शिवतात, छान दिसतात, थंडीच्या पंधरा दिवसांत. मे महिन्यात नको, एवढंच.

युनिफॉर्म वाईटच असतो असं माझं म्हणणं नाही. गड्ड्याच्या, म्हणजे आपल्या सिद्धेश्वर यात्रेच्या वेळी संक्रांतीला नंदीध्वजांच्या मागं हजारो लोक पांढऱ्या बाराबंदीत (बंदांनी बांधायच्या अंगरख्यात) चालतात, ते बघून ज्याचं मन भरत नाही तो सोलापूरकरच नाही. पण जवळ जाऊन बघा, सगळे एकाच कपड्यात असूनही एकसारखे दिसत नाहीत, कुणाचं धोतर चापून-चोपून, कुणाचा फेटा जरा तिरपा, एखाद्या म्हाताऱ्याची बाराबंदी धुऊन धुऊन दुधासारखी मऊ झालेली आणि नातवाची कडक कांजीची. आणि ते त्यांनी आपणहून घातलेलं असतं, वर्षातून काही दिवस. शाळेचा युनिफॉर्मही गरीब पोराला झाकून घेतो, वर्गात कुणाकडं किती आहे ते कपड्यावरून कळू देत नाही, ही त्याची मोठी गोष्ट आहे आणि आपल्या गावातल्या हजारो घरांची चूल त्यावर पेटते. मला त्या चुलीवर पाणी टाकायचं नाही.

मला फक्त असं वाटतं की जे गाव युनिफॉर्म शिवतं त्यानं घालणाऱ्याच्या अंगाचा विचार सगळ्यात जास्त करायला हवा, आणि तो होत नाही. "एक राज्य एक गणवेश" आठवतोय ना? सगळ्या सरकारी शाळांना वरून एकच कापड, एकच रंग. 2024-25 च्या वर्षात कित्येक पोरांना तो वेळेवर मिळाला नाही, मिळाला त्यातले किती तरी लहान-मोठे, आणि शेवटी डिसेंबर 2024 मध्ये सरकारनं निर्णय फिरवला आणि काम परत शाळा व्यवस्थापन समित्यांकडं दिलं. म्हणजे गणवेशसुद्धा जवळ बसून, माप घेऊनच नीट होतो हे सरकारला वर्षभरात कळलं. आपल्याकडच्या कारखानदारांनी तर हे कधीच धरून ठेवायला पाहिजे होतं. पोर वर्षात तीन इंच वाढतं, तर पँटच्या खाली आणि बाजूला शिवणीत मार्जिन सोडा, कापड वाचवायच्या नादात ते कापून टाकू नका. मधली मापं काढा, बारीक-उंच आणि गुटगुटीत-बुटकं पोर दोघांना एकाच नंबरात कोंबू नका. आणि मुलींच्या सलवार-कुर्त्याला खिसा लावा हो. मुलाच्या पँटला तीन-तीन खिसे आणि मुलीनं बसचे सुट्टे पैसे मुठीत धरून जायचं, हे कुणी ठरवलं? कापड जातं किती, वीतभर. पुढच्या युनिफॉर्म प्रदर्शनात एका तरी स्टॉलवर "मुलींच्या ड्रेसला खिसा" असा बोर्ड दिसला तर मी त्या स्टॉलसमोर जाऊन फोटो काढेन, स्वतःच्या खिशात हात घालून, कारण माझ्या कुर्त्यांना काका लावून देतात, वीस रुपये जादा घेऊन.